गावातला सगळ्यात मोठा गडी

जगातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, यावर माझी नातवंडं जेवता जेवता भांडतात. एकाचा क्रिकेटवाला, दुसऱ्याचा टेनिसवाला, आणि धाकटीचा कोणीतरी पळणारा, जो म्हणे वाऱ्यालाही मागं टाकतो. तोंडातला घास तोंडात राहतो आणि वरणाचे शिंतोडे ताटाबाहेर पडतात. मग तिघं माझ्याकडं वळतात. "आजोबा, तुम्हीच सांगा." मी सांगत नाही. "मुकाट्यानं जेवा," एवढंच म्हणतो. त्यांना वाटतं, म्हाताऱ्याला खेळातलं काही कळत नाही. कळतं की. एकदा मी हाच वाद पुराव्यानिशी मिटवून दाखवला होता, आणि तेवढा गाढवपणा मी आयुष्यात पुन्हा केला नाही.

तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. गाव तेरणेच्या काठी, माकणी-सास्तूरच्या पट्ट्यात. मी लहान असतानाच वडील गेले आणि आई मला घेऊन तिच्या भावाच्या घरी आली. मामांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळं मी त्यांचा भाचा कमी आणि पोरगा जास्त होतो. पुढं चार वर्षांनी आईही गेली, तेव्हा एवढाही फरक उरला नाही. मामांनी मला उस्मानाबादेला ठेवून शिकवलं. उर्दूत शिकलो, पास झालो आणि एकविसाव्या वर्षी आमच्याच गावच्या शाळेत मास्तर होऊन आलो. अंगात शेरवानी आणि डोक्यात हवा. मामा मला येताजाता "आमचे मास्तर" म्हणायचे, घरातसुद्धा. पाणी मागायचं असलं तरी "मास्तरांना म्हणावं तांब्या द्या" असं मामींना सांगायचे, आणि मी तिथंच समोर बसलेला असायचो.

मामा काठीकरी होते. हे आधी नीट सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या महादेवाची एक काठी आहे. काठी म्हणजे पंचवीस हात उंचीचा सरळसोट बांबू, त्याला तांबडं-पांढरं कापड गुंडाळलेलं आणि शेंड्याला पितळी कळस. चैत्री पुनवेच्या जत्रेला ती देवळातून निघते, ओढा उतरते, पलीकडचा चढ चढते, नदीवर देवाची भेट घेते आणि परत येते. एकच माणूस ती उभी धरून नेतो. कमरेला जाड पट्टा, पट्ट्याला खोबण, खोबणीत बांबूचा बुंधा, आणि वर दोन हात. वाटेत तिला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही आणि ती जमिनीला टेकायची नाही. वारा सुटला की वरचा कळस एका अंगाला ओढतो आणि खालच्या माणसाला दुसऱ्या अंगाला जावं लागतं. मामा एकवीस वर्षं ती काठी नेत होते. शेतात ते इतर चारचौघांसारखेच होते, थोडे आळशीच म्हणा. पण त्या एका दिवशी पट्टा बांधून उभे राहिले की सबंध गाव त्यांच्याकडं बघताना गप्प व्हायचं.

हा मान घराण्याचा नव्हता. बापाकडून पोराकडं जायचा नाही. पद्धत अशी की दर पाडव्याला गुरव बेलाचं पान हातात धरून देवळासमोर सगळ्या गावाला तीनदा विचारायचा, "काठीकऱ्याहून मोठा गडी गावात कोण?" सगळ्यांनी एकमुखानं एकच नाव घेतलं, तर काठी त्याची. एकानं जरी वेगळं नाव घेतलं, तरी काठी होती तिथंच. आणि आमच्या गावात एकमुखानं काही होईल, हे शक्यच नव्हतं.

कारण गावात वाद होता. तो वर्षभर चालायचा, अप्पांच्या किराणा दुकानाच्या कट्ट्यावर, गुरं घरी आल्यापासून दिवे लागेपर्यंत. अप्पा घरात कानडी बोलायचे, गिऱ्हाइकाशी मराठी आणि भांडताना दोन्ही. त्यांचा माणूस म्हणजे तालमीतला पैलवान. पंचविशीतला गडी, मान कुठं संपते आणि खांदा कुठं सुरू होतो ते कळायचं नाही. सोलापूरपासून परंड्यापर्यंतच्या जत्रांत शेवटच्या कुस्तीचा नारळ त्यानं आणलेला.

"कुस्ती म्हंजी खेळांचा बाप," अप्पा मांडीवर थाप मारून म्हणायचे. "बाकी समदी पोराटकी. समोरचा गडी तुला गिळायला आलाय, अंगाला लाल माती, आन तुझ्या हातात काय न्हाय. न काठी, न चेंडू. हौद का न्हाई?" हौद म्हणजे त्यांच्या घरच्या कानडीत होय, पण अप्पांचं हौद ऐकून होय म्हणायची सोय नसायची. नाही म्हणणारा कट्ट्यावर बसलेलाच असे.

तो म्हणजे आमचे ड्रिलमास्तर. हैदराबादेकडचे, वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, जवानीत हॉकी खेळलेले. आमच्या गावात हॉकीची एकही काठी नव्हती. ड्रिलमास्तरांनी पोरांना बाभळीच्या वाकड्या फांद्या तासून दिल्या होत्या आणि चिंध्यांचा चेंडू. "पैलवान अच्छाच है मियाँ," ते शांतपणे म्हणायचे, "मगर पाव घंटा लड़ता, फिर बैठ के दूद पीता. हाकी में सत्तर मिनट दौड़ना पड़ता. झुक के दौड़ना पड़ता. अपने लोगां विलायत जा के गोऱ्यांकू हराए, कुस्ती वाले हराए क्या?" मग हैदराबादचा उर्दू अखबार काढून दाखवायचे. तो अखबार इतका जुना होता की घड्यांवर फाटून त्याची चार पानं आठ झाली होती.

तिसरा पक्ष हरकाऱ्याचा. मोटारीच्या सडकेपासून आमच्या गावापर्यंत आठ कोस टपालाची थैली घेऊन हा माणूस पळत यायचा आणि दुसऱ्या दिवशी पळत जायचा. खांद्यावर घुंगरू बांधलेला भाला. काटक, काळासावळा, बोलायला अगदी कमी. कट्ट्यावर येऊन थैली ठेवली की पाणी पिऊन एका बाजूला उकिडवा बसायचा. त्याची बाजू गावातले निम्मे शेतकरी घ्यायचे, कारण त्याच्या घुंगरांवर त्यांचा दिवस चालायचा. घुंगरू वाजले की मोट सोडायची. सहा वर्षांत त्याच्यामुळं एकदाही मोट सोडायला उशीर झाला नव्हता.

"पळणं ह्यो काय खेळ हाय व्हय?" अप्पा म्हणायचे. "कुत्रं मागं लागलं की समदेच पळतेत."

"आन कुस्ती? दोन रेडे बी खेळतेत की," एखादा शेतकरी म्हणायचा.

"उसकू पगार मिलता," ड्रिलमास्तर मध्येच कायद्याचा मुद्दा काढायचे. "पगार ले को दौड़ा तो नोकरी हुई. खेल कां हुआ?"

यावर हरकारा स्वतः एकदाच बोललेला मी ऐकला. "पगार चालायचा भेटतो, साहेब," तो म्हणाला. "पळतो म्या माज्या मनानं."

हे सगळं चालू असताना मामा कट्ट्याच्या टोकाला सुपारी कातरत बसलेले असायचे. ते कधी कुणाची बाजू घ्यायचे नाहीत. हसायचे, मान हलवायचे. पाडवा आला की हीच सगळी मंडळी देवळासमोर आपापली नावं एकदम ओरडायची. ड्रिलमास्तर देवळाच्या आवाराबाहेर चिंचेखाली उभे राहायचे आणि तिथून मोठ्यांदा "हाकी!" म्हणून ओरडायचे. हॉकी हे माणसाचं नाव नव्हे, पण गुरव तेही मोजायचा. एवढा गोंधळ झाला की गुरव पान देवाला वाहून म्हणायचा, "गावाचं एकमत न्हाय. काठी हाय तितंच." आणि मामा पट्ट्याला तेल लावायला घरी यायचे.

ज्या वर्षाची गोष्ट सांगतोय त्याच्या आदल्या जत्रेत ओढ्याच्या उतारावर मामा थांबले होते. नुसते उभे राहिले होते. काठी एका अंगाला कलली. मामांच्या मानेच्या शिरा टरारल्या आणि डावा गुडघा थरथरताना मी पाहिला. चार-पाच श्वासांपुरतंच. मग "हर हर" म्हणून त्यांनी काठी सरळ केली आणि पुढं गेले. गावात त्यावर कुणी चकार शब्द काढला नाही. मीही नाही. साठीला टेकलेला माणूस जरा दमला असेल, एवढंच मला वाटलं.

मला तेव्हा वेगळाच छंद लागला होता. शाळेत तपासनीस साहेब येऊन मला शाबासकी देऊन गेले होते, आणि जगात जे जे काही आहे ते मोजता येतं अशी माझी खात्री झाली होती. कट्ट्यावरचा वाद मला असह्य व्हायचा. शहाणीसुरती माणसं वर्षानुवर्षं तेच बोलतात, आणि कुणी हरत नाही, कुणी जिंकत नाही. मी ठरवलं, आपण हा निकाली काढायचा. मनात आणखी एक होतं, ते कबूल करतो. नीट माप लावलं तर मामाच सगळ्यांत मोठे ठरतील, आणि ते मी सिद्ध केलेलं असेल. गाव आणि मामा, दोघंही माझ्याकडं बघत राहतील.

माप मी असं काढलं. पैलवानाला हरकाऱ्याशी ताडून बघायचंच नाही. पैलवान पळणार नाही आणि हरकारा कुस्ती धरणार नाही, मग ताडणार काय? प्रत्येकाला त्याच्याच खेळातल्या दुसऱ्या नंबरच्या माणसाशी ताडायचं. दुसऱ्यापासून पहिला जितका लांब, तितका तो मोठा. माझं मलाच हे इतकं पटलं की रात्री झोप येईना.

कट्ट्यावर मी हे मांडलं. मग एकेकाला घेतलं. ड्रिलमास्तरांना म्हटलं, "हॉकीवाले मोठे असतील, पण आपला प्रश्न गावातल्या गड्याचा आहे. गावात हॉकीवाला कोण? तुम्ही स्वतः?" ड्रिलमास्तरांनी आपल्या पोटाकडं पाहिलं आणि प्रामाणिकपणे मान हलवली. पैलवानाला विचारलं, "तुझ्या जवळपास कोण आहे?" तो सरळ मनाचा गडी. म्हणाला, "जवळ कशाला, म्होरं हायेत. सोलापुरात दोनदा पाठ लागली माजी." हरकाऱ्याच्या मागं मात्र कुणीच नव्हतं. आजारपणात त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता, तो दिवस बुडाल्यावर पोचला होता. तिसरा तर नदीपाशीच बसून राहिला होता.

"आन तुझ्या मामाचं काय?" अप्पांनी डोळे बारीक करून विचारलं.

इथं माझी गाडी अडली. एकवीस वर्षांत दुसऱ्या कुणी काठी उचललीच नव्हती. दुसरा नंबर नाही, तर मामा किती पुढं हे मोजणार कसं? मी आठवडाभर डोकं खाजवलं. पण माझ्या मापात मामा बसेनात, आणि माप तर मी सगळ्या गावाला पटवून बसलेलो. मागं हटायला शरम वाटायला लागली. मापानं हरकारा मोठा, आणि खरं ते खरं, असं मी मनाशी म्हटलं. एकविसाव्या वर्षी माणसाला खऱ्याची फार हौस असते.

अप्पांनी मला आडून आडून सांगायचा प्रयत्न केला, हे आज कळतं. एकदा गूळ बांधताना म्हणाले, "मास्तर, शाळेतली पट्टी शाळेत ठेव की रं बाबा. कट्ट्यावर कशाला आणतूस?" मला वाटलं, यांचा पैलवान पडला म्हणून जळतायत. एकदा ड्रिलमास्तर मला हाताला धरून बाजूला घेऊन गेले, बराच वेळ खाकरले आणि शेवटी "कुछ नहीं" म्हणून परत फिरले. सरळ कुणी बोलेना. बोलणार कसं? मामा रोज तिथंच सुपारी कातरत बसलेले असायचे.

पाडवा आला. गुढ्या उभ्या राहिल्या, कडुलिंब खाऊन झाला, गाव देवळासमोर जमलं. गुरवानं बेलाचं पान धरून पहिल्यांदा विचारलं, "काठीकऱ्याहून मोठा गडी गावात कोण?"

कुणीच ओरडलं नाही. दरवर्षी या घटकेला कानठळ्या बसायच्या. गुरवानं दुसऱ्यांदा विचारलं. लोक जमिनीकडं बघत होते. चिंचेखाली ड्रिलमास्तर उभे होते, त्यांचं तोंड उघडलं आणि मिटलं. वादात हरलेला मुद्दा देवासमोर पुन्हा मांडायचा नाही, एवढी चाड आमच्या भांडखोर गावाला होती, आणि प्रत्येकाचा मुद्दा मी स्वतः हरवून ठेवला होता. तिसऱ्यांदा विचारताना गुरवाचा आवाज खाली आला. मी पुढं झालो आणि हरकाऱ्याचं नाव घेतलं.

गुरव थांबला. खूप वेळ थांबला. कुणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. पण हरकारा तिथंच उभा होता. त्याच्या तोंडावर नाही कोण म्हणणार? दुसरं नाव आलंच नाही, तेव्हा तेच एकमत धरून शेवटी गुरवानं ते पान हरकाऱ्याच्या हातावर ठेवलं. तो बिचारा हातावर निखारा ठेवल्यासारखा बघत राहिला. मामा पुढं आले, कमरेचा शेला सोडला, त्याच्या खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "उद्यापासनं सकाळी ये. शिकवतो."

मी घरी आलो तो जिंकलेल्या माणसासारखा. मामी चुलीपुढं बसल्या होत्या. पुरणाचा वास घरभर होता. त्यांनी माझ्याकडं वळूनही पाहिलं नाही.

"काय झालं, मामी?"

"काय व्हायचं ऱ्हायलंय?" त्या म्हणाल्या. "गाव इतकी वरसं कशासाटी भांडायलंय, तुला काय वाटलं? अप्पाला काय पैलवानाचं पडलंय? त्या मास्तराला हाकीचं पडलंय? ह्येंच्या कमरेची काठी ऱ्हावी म्हणून भांडतेत लोकं. दरसाल. तोंडातनं काय बोलत न्हाईत, नुस्तं भांडतेत. आन तू घरातलाच, तू मिटवून आलास."

मी जागच्या जागी बसलो. एकदम सगळं दिसायला लागलं. जुना अखबार, मांडीवरची थाप, गुरवानं मोजलेली "हाकी". त्यांचं प्रेम खरंच पैलवानावर होतं, हॉकीवर होतं, सगळं खोटं नव्हतं. पण पाडव्याला ओरडायचे ते मामांसाठी. गावात हे शेंबड्या पोरालासुद्धा ठाऊक होतं. मला नव्हतं, कारण मी शिकलेला होतो.

मामा आले तेव्हा मी त्यांचे पाय धरले. रडलो, उगाच कशाला लपवू. त्यांनी मला उठवलं.

"अरं, कामून रडायलास? बरं केलंस तू," ते म्हणाले. "माजी कंबर गेलीय. तीन वरसं झाली, म्याच वाट बगत हुतो कुनी तरी सोडवंल म्हणून. ही येडी लोकं सोडवतच न्हवती. आमच्या मास्तरानं सोडवलं." आणि मामींकडं बघून, "वाढ गं. त्याला दोन पोळ्या जास्ती वाढ."

मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. ठेवायला फार बरं वाटलं. त्या दिवशी मी पाच पोळ्या खाल्ल्या.

पुढचे पंधरा दिवस, हरकारा गावात मुक्कामाला असला की मामा पहाटे उठून त्याला शिकवायचे. आधी रिकामा बांबू, मग बांबूच्या शेंड्याला मातीची घागर बांधून. तीन घागरी फुटल्या. हरकाऱ्याचं अडायचं ते ताकदीत नाही. पाय कसलेले, दम तर न संपणारा. पण त्या पायांना सावकाश चालणं ठाऊकच नव्हतं. तोल जायला लागला की त्याचे पाय पळायला बघायचे, आणि काठी घेऊन पळालं की संपलं. "थांब की! थांब!" मामा ओरडायचे. "तोल गेला की उबं ऱ्हायाचं. पळून तोल सापडत नसतो." कट्ट्यावर त्या पंधरा दिवसांत वाद झाला नाही. अप्पा मला गूळ द्यायचे, पण बोलायचे नाहीत. पैलवान दिसला की मान खाली घालायचा, जणू गुन्हा त्याचाच होता.

जत्रेच्या दिवशी वारा होता. नेमका त्याच दिवशी. हरकाऱ्यानं पट्टा बांधला, गुरवानं बुंधा खोबणीत बसवला, हलगी वाजली आणि काठी निघाली. सपाटीवर छान गेली. बायका लाह्या उधळत होत्या. मामा गर्दीत आमच्याबरोबर चालत होते, हात मागं बांधून, इतर म्हाताऱ्यांसारखे. एकवीस वर्षांत त्यांनी ती काठी लांबून कधी पाहिलीच नव्हती. मान वर करून कळसाकडं बघत होते आणि चालता चालता ठेचकाळत होते.

ओढ्याच्या उतारावर वाऱ्याचा झोत आला. कळस गेला उजवीकडं. हरकाऱ्याचं पाऊल चटकन पडलं, मग दुसरं त्याहून चटकन. पळणार, हे सगळ्यांना दिसलं. बायका किंचाळल्या. पैलवान पुढं झेपावला आणि हात लावायचा नाही म्हणून तसाच अर्ध्यात थिजला.

मामा गर्दीतून बाहेर आले. हरकाऱ्याच्या समोर जाऊन, त्याच्याकडं तोंड करून, उताराकडं पाठ करून उभे राहिले. दोन्ही हात पाठीमागं बांधलेले, कुणी म्हणायला नको की काठीला लावले. आणि उलट्या पावलांनी उतरायला लागले.

"माज्याकडं बग," ते म्हणाले. मोठ्यांदा नाही, नेहमीच्या आवाजात. "वर बगू नकू. माज्याकडं. हळू. टपाल न्हाय ही. कुनी वाट बगत बसलं न्हाय तुजी. हं. डावा. आता उजवा. उबा ऱ्हा. आता परत डावा."

हलगीवाल्यानं हलगी थांबवली. सगळा उतार मामा उलटे उतरले. दगडगोट्यांची वाट, मागं बघायची सोय नाही, आणि तो डावा गुडघा. दोनदा पाय मुरगळलेला मी पाहिला. चेहऱ्यावर काही नाही. हरकारा त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून एकेक पाऊल टाकत होता, आणि वर कळस हळूहळू सरळ होत होता. ओढ्याचं पाणी आलं, मामा पाण्यातून उलटे गेले. पलीकडचा चढही उलटेच चढले. नदी आली तेव्हा गावानं जो "हर हर महादेव" केला, तसा मी पुन्हा कधी ऐकला नाही. तो काठीला होता का मामांना, कोण सांगणार. परतीच्या वाटेवर हरकाऱ्याला कुणाची गरज लागली नाही. तो पाऊल मोजून चालत आला, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

संध्याकाळी कट्ट्यावर मंडळी जमली. अप्पा घसा साफ करून म्हणाले, "बोला. सगळ्यात मोठा गडी कोण?" आणि पैलवान म्हणाला, "मामा." हरकारा म्हणाला, "मामा." ड्रिलमास्तरांनी खिशातला अखबार काढला, पुन्हा ठेवला आणि म्हणाले, "हौ. मामाच." गावाचं एकमुखानं उत्तर आलं. मामांनी अडकित्ता खाली ठेवला.

"येड्यांनो," ते हसत म्हणाले, "आता कशाला? आता काठी गेली की." सगळे हसले. अप्पांनी हसता हसता धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि पाडव्यापासून पहिल्यांदाच माझ्याशी बोलले, "मास्तर, मामाला घरी ने. गुडगा सुजलाय त्येंचा."

घरी आणून मी त्यांना घोंगडीवर आडवं केलं. मामींनी करडईचं तेल कोमट करून दिलं आणि त्या भाकरी टाकायला आत गेल्या. मी गुडघा चोळायला बसलो. गुडघा तव्यावरच्या भाकरीसारखा फुगला होता. मामा डोळे मिटून पडले होते. मला वाटलं झोप लागली.

"पाडव्याला म्या खोटं बोललो तुला," ते डोळे न उघडता म्हणाले.

माझा हात थांबला.

"काठी सोडायची न्हवती मला. कंबर गेली हुती, ते खरं. पर सोडायची न्हवती. आजून एक वरीस. एकच." त्यांनी गुडघा जरा माझ्याकडं सरकवला. "वारा बगितलास नव्हं आज? तू बोलला नसतास तर म्या त्या उतारावर पडलो असतो. नक्की पडलो असतो."

"मामा—"

"पडलो असतो तरी चाललं असतं मला," ते म्हणाले, आणि कुशीवर वळले. "चोळ. थांबू नकू."